साडेबाराची रेघ

“काका, एक विचारू? तुमच्या या हिशेबात चुनी कुठे आहे?”

फोनवर पौर्णिमा मॅडमनी हे इतक्या सहज विचारलं, की देवीदासही सहज बोलून गेला, “चुनी? असंन ना तेथंच. नीट पाहा, मॅडम.”

“दोनदा पाहिलं. तूर किती आली, डाळ किती निघाली, वीज, बारदाना, मजुरी, सगळं आहे. चुनी तेवढी नाही. आमच्या घरी म्हशींना घालायचे, म्हणून आठवलं. असो, उद्या बोलू. बारा वाजता कार्यक्रम आहे, आरामात या. आणि काकूंना नक्की आणा.”

फोन बंद झाला तरी देवीदासनं तो कानाला तसाच धरून ठेवला. संध्याकाळचे सात वाजत होते. आत त्याची बायको वच्छला उद्यासाठी ठेवणीतलं लुगडं झटकत होती.

अकोल्याच्या डाळ मिलमध्ये ज्यानं फिटर म्हणून एकतीस वर्षं काढली, त्यानं चुनी विसरावी, म्हणजे हलवायानं साखर विसरल्यासारखंच. तूर भरडली की डाळ निघते आणि डाळीबरोबर तुकडे, कोंडा, टरफलं निघतात. ही चुनी. गुराढोरांचं खाणं. ती पोत्यानं विकली जाते आणि चांगल्या भावानं विकली जाते. त्या काळात देवीदासच्या दारात एक शेळी होती आणि तिच्यासाठी तो स्वतः चुनी विकत आणत होता. भाव तोंडपाठ होता. आणि तरीही ज्या एका हिशेबावर त्यानं आयुष्यभर मान ताठ ठेवली, त्या हिशेबात चुनीचा दाणा नव्हता.

तो हिशेब काय होता, ते सांगायला हवं.

चाळीसेक वर्षांपूर्वी बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर खुशालराव नावाचे एक कारकून होते. दर रविवारी ते पॅसेंजरनं अकोल्याला यायचे आणि देवीदासच्या दोन खोल्यांच्या घरात चार वाजता मिलच्या कामगारांचा वर्ग घ्यायचे. काखेत मार्क्सचं जाडजूड पुस्तक असायचं, पण ते उघडायचे क्वचितच. “हा माणूस इंग्लंडातल्या सूतगिरण्यायबद्दल बोलते,” ते म्हणायचे. “आपल्यापाशी सूत नाही, तूर हाय. तर तूर घ्या.” आणि मग ते समजावून सांगायचे, की कामगार सकाळी आठला कामाला लागतो तेव्हा आधी स्वतःच्या पगाराइतकं काम करतो. ते एका ठरावीक वेळेला पुरं होतं. त्यानंतरही तो पाचपर्यंत राबतच असतो, आणि ते राबणं मालकाच्या घरात जातं. ती वेळ कोणती, ते ज्याचं त्यानं शोधायचं.

बाकीचे दहा-बारा जण माना डोलावून चहा पिऊन घरी जायचे. देवीदासनं मात्र मनावर घेतलं. ऑफिसातल्या एका कारकुनाकडून आकडे मिळवले, दोन महिने वहीत खाडाखोड केली आणि एका रविवारी जाहीर केलं, “साडेबारा. साडेबारापर्यंत आपलं, मंग शेठचं.” खुशालराव उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याला मिठीच मारली.

मिलच्या भरडाईच्या हॉलमध्ये एक मोठं भिंतीवरचं घड्याळ होतं. दर सोमवारी शिडी लावून त्याला चावी द्यायचं काम फिटरचं, म्हणजे देवीदासचंच होतं. पोत्यांवर मार्का मारायचा लाल रंग त्यानं काडीनं घेतला आणि घड्याळाच्या काचेवर बारा आणि एकच्या बरोबर मध्ये एक रेघ ओढली. सुपरवायझरला वाटलं, जेवायच्या सुट्टीची खूण असेल. शाबासकी दिली बिचाऱ्यानं.

तेव्हापासून मिलमध्ये एक रीतच पडली. तास काटा रेघेवर आला की गडी तंबाखू मळण्यापुरता हात थांबवायचे आणि कुणीतरी एकजण म्हणायचा, “झालं बा आपलं.” बस, एवढंच. पुढं नवे गडी भरती झाले, त्यांना वर्ग ठाऊक नव्हता आणि मार्क्सही ठाऊक नव्हता. त्यांना वाटायचं, हा यंत्राला नमस्कार करायचा मुहूर्त असावा. एक-दोघं तर भक्तिभावानं हात जोडायचे. देवीदासला हसूही यायचं आणि बरंही वाटायचं.

एकोणनव्वद साली युनियननं तीच रेघ शेठसमोर ठेवली. “साडेबारानंतर आम्ही तुमच्यासाठी राबतो, त्यातला अर्धा तास आम्हाला परत द्या,” देवीदास बोलला. शेठनं कागद वाचला, चष्मा पुसला आणि एका बैठकीत हो म्हटलं. वर चहाबरोबर सोनपापडी मागवली. पाचची सुट्टी साडेचारला आली. अकोल्यातल्या दुसऱ्या कुठल्याही डाळ मिलमध्ये तेव्हा असं झालेलं नव्हतं. देवीदासच्या आयुष्यातली कमाई म्हणाल तर ती एवढीच.

पुढं सगळं उतरणीला लागलं. रशिया मोडला तशी माणसं रस्त्यात थांबवून विचारू लागली, “कावून बा देवीदास, दुकान बंद झालं म्हणते तुमचं?” वर्गात बाराचे तीन झाले, मग फक्त खुशालराव आणि देवीदास उरले. दोघंच समोरासमोर बसायचे आणि वच्छला मुकाट्यानं दोन कप आणून ठेवायची. मग खुशालरावही गेले. युनियनच्या खोलीत मोबाईलची कव्हरं विकायला आली. मिल बंद पडली, तिथं लग्नाचा लॉन झाला. शेवटच्या दिवशी देवीदासनं ते घड्याळ तेवढं मागून घेतलं आणि घरी आणून टांगलं. दर दिवाळीला वच्छला काच पुसायची, पण रेघेला धक्का लावायची नाही.

आणि दोन महिन्यांपूर्वी अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या पौर्णिमा मॅडम शोधत शोधत घरी आल्या. म्हणाल्या, “काका, मुलं पुन्हा हे विचारायला लागली आहेत. तीन-तीन ठिकाणी कामं करतात आणि विचारतात, आमचे कष्ट जातात कुठे? पुस्तकातून सांगून कळत नाही. तुम्ही याल का?” त्यांनी वहीच्या पानांचे फोटो काढून नेले. त्या दिवसापासून सत्तरी ओलांडलेल्या देवीदासची चाल बदलली होती.

आणि आता ही चुनी.

वही काढून, चष्मा लावून तो बसला. त्या सालचे आकडे होतेच, चुनीचा भाव डोक्यात होताच. अर्ध्या तासात उत्तर आलं. अकरा. साडेबारा नव्हे, अकराच. म्हणजे कामगाराचं स्वतःचं अकरालाच संपत होतं आणि त्यापुढचे सहा तास शेठचे होते. शेठनं एका बैठकीत हो का म्हटलं, ते आज छत्तीस वर्षांनी कळलं. कागद वाचताना त्यात चुनी धरलेलीच नाही, म्हणजे अर्ध्या तासात स्वस्तात सुटलो, हे त्यानं ओळखलं असणार. ती सोनपापडी उगाच आली नव्हती.

पण खरी कळ वेगळीच होती. चुनी मागच्या शेडमध्ये निघायची. तिथं बायका असायच्या. त्या चाळायच्या, पाखडायच्या, पोती भरायच्या. त्यांची नावं हजेरीबुकात नव्हती, पोत्यावर पैसे मिळायचे. त्या शेडचं फाटक वेगळं, पाणी वेगळं. वर्गाला त्यांतली एकही कधी आली नाही, कारण कुणी बोलावलंच नाही. साडेचारची सुट्टीही त्यांना लागू झाली नाही. आणि त्या बायकांमध्ये एकोणीस वर्षं वच्छला होती. रोज संध्याकाळी केसांत चुनीचा भुसा घेऊन ती घरी यायची आणि हा नवरा समोर बसून जगाचा हिशेब मांडायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो याहून काय वेगळा असतो?

“वच्छला,” त्यानं आत हाक दिली, “मले काही बरं नाही वाटून राह्यलं. उद्याचं राहू दे.”

वच्छला दारात आली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. मग वहीकडे पाहिलं.

“काई झालं नाही तुमाले,” ती म्हणाली. “सकाळची गाडी हाय. मले अंबादेवीचं दर्शन बी घ्यायचं हाय. झोपा.”

गाडीत बसल्यावर मूर्तिजापूर येईपर्यंत सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं. मूर्तिजापूर आलं आणि गेलं. मग बडनेऱ्यापर्यंत सांगू असं ठरलं. वच्छला खिडकीतून कपाशी पाहत होती आणि मधूनच, “यंदा बोंडं बरी हायेत,” असं काहीबाही म्हणत होती. चाळीस माणसांपुढे शेठशी भांडलेला माणूस बायकोपुढे बसून नुसता धोतराचा सोगा चिवडत राहिला. बडनेऱ्याला उतरले तेव्हा मालधक्क्याकडे त्याची नजर गेली. खुशालराव, तुम्ही तरी विचारायचं होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःचीच लाज वाटली.

कॉलेजचा हॉल निम्म्याहून जास्त भरला होता. विभागप्रमुख गौरांग सर तिशी-पस्तिशीचे, बोलायला मोकळे. त्यांनी स्वागत करताना स्पष्टच सांगितलं, “मी वर्गात हेच शिकवतो, की मार्क्सचा हा सिद्धांत अर्थशास्त्रानं केव्हाच मागे टाकला. वस्तूची किंमत मागणी ठरवते. पण ज्यांनी तो घड्याळावर काढला, असे गृहस्थ मी तरी पाहिलेले नाहीत. म्हणून मीही आज ऐकायलाच बसलो आहे.”

देवीदास उठला. “साहेब म्हणते ते असंन बी बरोबर,” तो म्हणाला. “पण तूर काही मागणीनं भरडली जात नाही. तिच्याकरता मानूस लागते.” मुलं हसली, गौरांग सरही हसले, आणि देवीदासला जरा बळ आलं. खडू घेऊन त्यानं फळ्यावर घड्याळ काढलं, साडेबाराची रेघ ओढली, आणि वर्ग, शिडी, तंबाखू, नमस्कार करणारे गडी, अर्धा तास, सगळं सांगितलं. मुलं ऐकत होती. काहीजण लिहून घेत होती. सोनपापडीपर्यंत आला तेव्हा टाळ्या पडल्या.

इथं थांबता आलं असतं. पहिल्या रांगेत पौर्णिमा मॅडम बसल्या होत्या. त्या चुनीचं विचारणार नव्हत्या, हे त्याला कळलं. तिसऱ्या रांगेत वच्छला मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. टाळ्या वाजवायला तिनं पिशवी खाली ठेवली होती आणि आता पुन्हा उचलत होती.

देवीदासनं खडूचं टोक साडेबाराच्या रेघेवर ठेवलं.

“ही रेघ चुकली हाय,” तो म्हणाला.

त्यानं तिच्यावर फुली मारली.

“काल मॅडमनं इचारलं, तवा समजलं. मी चुनी धरलीच नाही. मांगच्या शेडात बाया चुनी भरत होत्या. त्यायची नावं बुकात नव्हती, तं माह्या हिशेबात बी आली नाही. खरी रेघ अकराची. दीड तासाचा फरक. शेठ हासला असंन मले. आन् त्या बायायले अर्धा तास बी भेटला नाही.” त्यानं तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही, फळ्याकडेच पाहिलं. “माही बायको त्याच शेडात होती. एकोणीस वर्सं. हे मी तिले आजपर्यंत सांगतलं नाही. तुमच्यासंगंच सांगून राहिलो.”

बोलून झालं आणि आता जमीन दुभंगली तर बरं, असं त्याला वाटलं. मग मागून पिशवी बाकावर ठेवल्याचा आवाज आला.

“यात सांगाचं काय हाय?” वच्छलाचा आवाज होता. ती उभी राहिली होती, आणि तिचा सूर घरच्या ओट्यापाशी असतो तसाच होता. “आमाले माहीत होतं.”

देवीदास वळला. “काय माहीत होतं?”

“चुनीचं. साऱ्याच बायायले माहीत होतं. पोते आमी भरत होतो, भाव आमाले माहीत, ट्रक आमच्या डोळ्यापुढून जाये. शेठची नवी माडी चुनीच्या पैशावर चढली, हे शेडातली एकूणएक बाई सांगे. तुमी घड्याळावर रेघ काढली ना, तवा आमी हासलो होतो. म्हटलं, गड्यायचं साडेबाराले होते, पोत्याचा भाव आन् आपली मजुरी बोटावर मोजली तं आपलं अकरालेच झालं. आमी अकराले पाणी प्याले बसत होतो. सुपरवायझर ओरडे, तरी बसतच होतो.”

“मंग सांगतलं काहून नाही मले?”

“इचारलं कवा तुमी?”

मुलांमध्ये हशा पिकला. पौर्णिमा मॅडमनी तोंडावर हात धरला. देवीदासला मात्र हसू येईना. त्याचे डोळे भरून आले होते. हे पाहिलं तशी वच्छलाचा आवाज उतरला. ती मुलांकडे वळली, जणू नवऱ्याला एकट्याला सांगणं तिला अवघड जात होतं.

“पण एक गोष्ट यायनं नाही सांगतली, ते मी सांगतो. यायची सुट्टी साडेचारले होये. आमचं पोते भरणं पाचपर्यंत चाले. बाकीचे गडी साडेचारले घरी जात, नाहीतं पानठेल्यावर बसत. हे मांगच्या फाटकापाशी सायकल धरून उभे राहत. रोज. पाणी असो, ऊन असो. आमच्या बाया मले चिडवत, वच्छले, तुहा घड्याळवाला आला वं. भांडून जो अर्धा तास यायनं घेतला होता, तो सारा तेथंच, त्या फाटकापाशी गेला. म्हणून म्हणतो, त्या बायायले भेटला नाही म्हणता, पण मले भेटला. बस झालं आता. रडू नका लोकायपुढं.”

आणि ती खाली बसली.

देवीदासचा जीव भांड्यात पडला. छत्तीस वर्षं ज्याला तो विजय समजत होता, तो तसा नव्हता, हे खरंच होतं. पण काल रात्रीपासून तो स्वतःला लबाड समजत होता, तेही खरं नव्हतं. छातीवरचं पोतं कुणीतरी दोन्ही कान धरून उतरवून घ्यावं, तसं झालं.

पुढं प्रश्न झाले. आचल नावाची एक मुलगी उठली. कॉलेज झाल्यावर ती पार्सलच्या गोदामात माल लावायला जायची. “आजोबा, आमच्याकडे घड्याळच नसते. किती पाकिटं लावली तेवढं मोबाईल सांगते. आमाले रेघ कुठं मारायची?”

देवीदासनं थोडा विचार केला. एरवी त्यानं काहीतरी ठोकून दिलं असतं, आज तशी इच्छा झाली नाही. “मले नाही माहीत, बाई,” तो म्हणाला. “तुमीच शोधा. मी तं येवढंच सांगीन, का हिशेब मांडाच्या आधी मांगच्या शेडात कोन हाय, ते जाऊन पाहून या. आन् त्यायले इचारा.”

गौरांग सरांनी हे वहीत लिहून घेतलं. निघताना ते म्हणाले, “काका, सिद्धांताबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण तुमचं हे गणित मी मुलांना घालणार आहे. चुनीसकट.”

“घाला,” वच्छलाच मधे बोलली. “आन् उत्तर अकरा येते का नाही, ते पाहा.”

अंबादेवीचं दर्शन झालं. परतीच्या गाडीत दोघांना खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूर मागे पडलं. मग देवीदासच म्हणाला, “तुमी बाया हासल्या होत्या खरंच?”

“लय हासलो,” वच्छला म्हणाली, आणि आठवून पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर देवीदासनं घड्याळ भिंतीवरून उतरवलं आणि पुसून चटईवर ठेवलं. नातीची नखरंगाची बाटली शोधून आणली आणि वच्छलापुढे धरली.

“मले काय जमते,” ती म्हणाली, पण बाटली घेतली. अकराच्या आकड्यावरून तिनं एक रेघ ओढली. ती वरच्या टोकाला जरा वाकडी गेली.

“पुसू का?” तिनं विचारलं.

“राहू दे.”

त्यानं घड्याळाला चावी दिली आणि ते पुन्हा खिळ्याला टांगलं. मग तो वही आवरायला बसला आणि वच्छला सुपात तूर घेऊन निवडायला. खडे वेगळे, किडके दाणे वेगळे, तिचा हात चालला होता. काटा तिच्या रेघेवर आला तेव्हा आधी देवीदासच्या लक्षात आलं नाही. सुपाचा आवाज थांबला म्हणून त्यानं वर पाहिलं. वच्छलानं सूप बाजूला सारलं होतं, भिंतीला पाठ टेकली होती आणि दोन्ही पाय समोर लांब केले होते.

“झालं बा आपलं,” ती म्हणाली.

देवीदास उठला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला. साखरेचा डबा कुठं असतो, ते त्याला विचारावं लागलं.